ठोका तोच, आवाज नवा

ड्रमवादकाने जीव ओतून वाजवलेलं असतं, पण खोली साथ देत नाही. किकच्या माइकमध्ये पोकळ 'थप्प' तेवढा उतरतो, स्नेअरच्या माइकमध्ये शेजारच्या हायहॅटची चळचळ घुसलेली असते. स्टुडिओची वेळ संपलेली, वादक दुसऱ्या गावी गेलेला. पुन्हा वाजवून घ्यायची सोय नाही. अशा वेळी साउंड इंजिनिअर ड्रम रिप्लेसरकडे वळतो. हे सॉफ्टवेअर मूळ रेकॉर्डिंग ऐकतं, ठोका नेमका केव्हा पडला आणि किती जोरात पडला हे टिपतं आणि त्या जागी चांगल्या वाद्यावर, चांगल्या खोलीत आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला ठोका, म्हणजे सॅम्पल, बसवतं. वाजवणं वादकाचंच राहतं, आवाज तेवढा बदलतो.

या कामाचा मान मोठा आहे, कारण वादकाने घेतलेले शेकडो बारीक निर्णय त्यात हातून हाती जातात. आणि ते निर्णय हरवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. त्या ओळखता आल्या तर बहुतेक बिघाड तासाभरात सापडतो.

या सॉफ्टवेअरचं मूळ टेपच्या जमान्यात आहे. अमेरिकेतल्या 'स्टीली डॅन' या बँडचा इंजिनिअर रॉजर निकल्स पूर्वी अणुऊर्जा केंद्रात काम केलेला माणूस. त्याने बँडसाठी 'वेंडेल' नावाचं यंत्र स्वतः बांधलं. ड्रमचे खरे ठोके डिजिटल रूपात साठवून हवे त्या जागी वाजवायचे, हे त्याचं काम. 1980 साली आलेल्या 'गाउचो' या अल्बमसाठी ते वापरलं गेलं. त्याच वर्षी रॉजर लिन यांचं एलएम-1 हे खऱ्या ड्रमचे सॅम्पल वाजवणारं यंत्र बाजारात आलं. पुढे संगणक स्टुडिओत स्थिरावले आणि हीच करामत प्लगिनच्या रूपात आली: साउंडरिप्लेसर, ड्रमागॉग, स्टीव्हन स्लेटचं ट्रिगर. 2017 साली आलेल्या सुपिरिअर ड्रमर 3 मध्ये तर रेकॉर्डिंग पूर्ण वाचून त्यातून मिडी नोटा, म्हणजे ठोक्यांची आकड्यांतली नोंद, काढून देणारा वेगळा विभागच होता.

आता हे सॉफ्टवेअर ऐकतं कसं, ते पाहू. आवाजाची पातळी एका ठरावीक रेषेच्या वर झपकन गेली की त्याने ठोका मोजला. या रेषेला थ्रेशोल्ड म्हणतात. ती फार वर ठेवली तर हलके ठोके निसटतात. फार खाली आणली तर स्नेअरच्या ट्रॅकमध्ये घुसलेला हायहॅटसुद्धा स्नेअर म्हणून मोजला जातो. इथे पुष्कळ जण थ्रेशोल्डच मागेपुढे करत बसतात. खरा उपाय त्याच्या आधीचा आहे. सॉफ्टवेअरला ऐकवायच्या आवाजातून नको त्या पट्ट्या फिल्टरने कापून टाकायच्या. स्नेअरचा मूळ सूर साधारण 200 हर्ट्झच्या आसपास असतो, हायहॅटचा जोर त्याच्या कितीतरी वर. वरचा भाग कापला की गोंगाट आपोआप मागे सरतो आणि थ्रेशोल्ड खाली आणायला जागा मिळते. हे कापणं फक्त सॉफ्टवेअरच्या कानासाठी असतं. मिक्समधला आवाज शाबूत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रिट्रिगरची वेळ. एक ठोका मोजल्यावर किती मिलिसेकंद दुसरा मोजायचा नाही, हे ती सांगते. एकाच ठोक्याच्या कंपनाला दोन ठोके समजू नये म्हणून ती लागते. पण ती 80 मिलिसेकंदांवर ठेवली आणि वादकाने मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रेला आठ ठोके वाजवले, तर दोन ठोक्यांतलं अंतर 62.5 मिलिसेकंद भरतं. म्हणजे एकाआड एक ठोका गायब. ऐकणाऱ्याला वाटतं वादक चुकला.

तिसरी गोष्ट जोराची. मिडीत ठोक्याचा जोर 1 ते 127 या आकड्यांत लिहितात. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. मूळ आवाजाची पातळी या आकड्यांवर कशी बसवायची हे ठरवणारा वक्र चुकला, की सगळे ठोके 120 ते 127 मध्ये जाऊन चिकटतात. तालातला जीव जातो, यंत्र ठोकतंय असं वाटू लागतं. याची तपासणी सोपी आहे. गाण्यातला सगळ्यात हलका आणि सगळ्यात जोरकस ठोका शोधावा, दोघांचे आकडे पाहावेत आणि त्यांत ऐकू येतो तेवढा फरक दिसेपर्यंत वक्र हलवावा. मधले ठोके बहुधा आपापल्या जागी येतात.

इथवर अडचण एकाच सॉफ्टवेअरच्या आत असते. खरी परीक्षा पुढे आहे: टिपलेले ठोके मिडी फाइल म्हणून बाहेर काढायचे आणि दुसरीकडे उघडायचे. मिडी ही वाद्ययंत्रांची आपसातली बोली. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सीक्वेन्शियल कंपनीचं प्रॉफेट-600 आणि रोलंडचं ज्युपिटर-6 ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं केबलने जोडून या बोलीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना मिडीसाठी पुढे 2013 साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मिडीत आवाज नसतो. कोणती नोट, किती जोरात, कधी सुरू, कधी बंद, एवढाच मजकूर असतो. मिडी फाइलमध्ये वेळ सेकंदांत लिहिलेली नसते. ती मात्रेच्या बारीक तुकड्यांत, टिकमध्ये, मोजतात. मात्रेला 480 किंवा 960 टिक हे नेहमीचे आकडे. एका मात्रेला किती वेळ लागतो हे फाइलमध्ये वेगळं लिहावं लागतं. ते लिहिलंच नसेल, तर वाचणारं सॉफ्टवेअर ठरलेल्या नियमाप्रमाणे मिनिटाला 120 मात्रा धरून चालतं. एक्स्पोर्टच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला या एका गृहीतात दिसतं.

म्हणून बिघाड शोधताना आधी एकच प्रश्न विचारावा: चूक वाढत जाते की तेवढीच राहते?

एक उदाहरण जवळून पाहू. गाणं 96 च्या लयीत आहे. रिप्लेसरने मात्र फाइल 120 धरून लिहिली. पहिला ठोका जागेवर, दुसरा किंचित उशिरा. एका मिनिटावर पडायला हवा तो ठोका 75 व्या सेकंदाला येतो. 75 भागिले 60 म्हणजे 1.25, आणि 120 भागिले 96 म्हणजेही 1.25. गुणोत्तर जुळलं की गुन्हेगार टेम्पोच. उपाय असा: रिकाम्या प्रोजेक्टचा टेम्पो 120 करायचा, तिथे फाइल आणायची, ट्रॅक मात्रांऐवजी घड्याळाच्या वेळेला बांधायचा आणि मग टेम्पो 96 वर न्यायचा. ठोके जागचे हलत नाहीत.

तोच ठोका 65.3 व्या सेकंदाला आला असता, तर गुणोत्तर 1.088 निघालं असतं. 48,000 आणि 44,100 हे डिजिटल आवाजाची सेकंदाला मापं घेण्याचे दोन दर, म्हणजे सॅम्पल रेट; त्यांचा भागाकार केला की हाच आकडा येतो. म्हणजे 48 किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग कुठेतरी 44.1 चं समजून वाचलं गेलं. इथे टेम्पोला हात लावून काही होणार नाही. सॅम्पल रेट जुळवून ठोके पुन्हा टिपावे लागतील.

चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढीच असेल, तर शोध वेगळ्या दिशेने. ठोका आधीच ओळखता यावा म्हणून बरीच सॉफ्टवेअरं आवाज थोडा रोखून धरतात. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ऑडिओची ही दिरंगाई भरून काढतं, पण प्लगिनमधून थेट निघणाऱ्या मिडीला ती सवलत सगळीकडे मिळत नाही. मग सगळ्या नोटा सारख्याच उशिरा येतात. दुसरं कारण याहून साधं. काही फाइली पहिल्या बारऐवजी पहिल्या ठोक्यापासून सुरू होतात. त्याआधीची शांतता कापलेली असते. त्यामुळे पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर एक खुणेचा ठोका ठेवूनच एक्स्पोर्ट करावं आणि बसवून झाल्यावर तो पुसावा.

तिसरी जात विस्कटलेल्या चुकीची: कधी पुढे, कधी मागे. संगणक आवाज बफरमध्ये, म्हणजे मापांच्या ठरावीक गटांत, हाताळतो; मिडी थेट रेकॉर्ड करताना नोटा या बफरच्या कडांवर जाऊन बसत असतील, तर 44.1 किलोहर्ट्झला 512 सॅम्पलचा बफर 11.6 मिलिसेकंदांचा पडतो. एवढ्यात ताल लंगडा वाटू लागतो. बफर लहान करावा, किंवा त्याहून बरं, संपूर्ण ट्रॅक आधी वाचून फाइल देणारी पद्धत वापरावी.

सगळं जुळल्यावरही एक सूक्ष्म गोष्ट उरते. 120 च्या लयीत 480 टिकच्या फाइलमध्ये एक टिक 1.04 मिलिसेकंदांचा. ठोका जवळच्या टिकवर सरकवला जातो, तेव्हा अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत फरक पडतो. मूळ स्नेअर काढून टाकला असेल तर हे कानाला कळत नाही. पण मूळ आणि सॅम्पल एकत्र वाजत असतील, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतराने 1,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खोडतो, आणि हे अंतर दर ठोक्याला बदलत असल्याने स्नेअरचा पोतही दर ठोक्याला बदलतो. म्हणून मुळाला जोड द्यायची असेल तर मिडीच्या वाटेला जाऊ नये. रिप्लेसरचा ऑडिओच थेट छापून घ्यावा. मिडी पूर्ण बदलासाठी.

मग येतो नोटांचा नकाशा. 1991 च्या जनरल मिडी या प्रमाणकात ड्रमसाठी दहावा चॅनेल राखलेला आहे: किक 36, स्नेअर 38, बंद हायहॅट 42, उघडा 46. पण ड्रमच्या अनेक लायब्ररींचा नकाशा स्वतंत्र असतो. शिवाय 36 या नोटेला यामाहाच्या पद्धतीत सी-1 म्हणतात आणि रोलंडच्या पद्धतीत सी-2. किकच्या जागी टॉम वाजला किंवा काहीच वाजलं नाही, तर अक्षरं सोडून आकडा पाहावा. नोटांची लांबी शून्य असली तरी काही सॅम्पलर गप्प बसतात. सगळ्या नोटांना ठरावीक छोटी लांबी दिली की ते बोलू लागतात.

आपल्याकडच्या तालवाद्यांचा प्रश्न याहून खोल आहे. जनरल मिडीच्या तालवाद्यांच्या यादीत बोंगो, कोंगा, टिंबाले आहेत. तबला, ढोलकी, संबळ, हलगी यांतलं एकही नाही. त्यामुळे मराठी गाण्याची ढोलकी मिडीत नेणाऱ्याला नकाशा स्वतः आखावा लागतो. त्यातून डाव्या पुडीवरचा घिसा एका नोटेत मावत नाही. तिथे ठोका पडून गेल्यावरही हात सूर वर-खाली नेत असतो, आणि रिप्लेसर तर ठोक्याचा क्षण पकडून मोकळा होतो. पिच बेंडने तो घिसा लिहिता येतो, पण साध्या मिडीत बेंड अख्ख्या चॅनेलला लागू होतो. म्हणून डाव्या आणि उजव्या पुडीला वेगळे चॅनेल द्यावेत. 2020 साली जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये दर नोटेला स्वतंत्र बेंड आणि जोराच्या 65,536 पायऱ्या आहेत. हातांनी वाजणाऱ्या वाद्यांना त्याचा सर्वाधिक लाभ व्हावा, पण तो होईल आपल्या वाद्यांचे सॅम्पल आणि नकाशे आपणच नीट बनवले तर.

तोवर एक शिस्त पाळण्यासारखी आहे. मिडी फाइल पाठवताना सोबत चार गोष्टी लिहून द्याव्यात: टेम्पो, सॅम्पल रेट, फाइल कुठल्या बारपासून सुरू होते ते, आणि कोणता आकडा कोणत्या वाद्याचा. मूळ ऑडिओ ट्रॅक कधीही पुसू नये, कारण वादकाने खरोखर काय वाजवलं याचा तो एकमेव पुरावा. आवाज पाहिजे तेव्हा विकत मिळतो. पण मात्रेच्या केसभर मागे राहून वाजवलेला स्नेअर ही एका माणसाची वर्षानुवर्षांची कमाई असते, आणि ती एखाद्या न लिहिलेल्या टेम्पोपायी हरवू न देणं हे इंजिनिअरच्या कामातलं पहिलं कर्तव्य आहे.