मिळून अभ्यास करायचो तेव्हा

प्रमाणपत्र टिकवण्याच्या नियमांत आपलं चुकलं, असं कबूल करून अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने ३ फेब्रुवारी २०१५ रोजी डॉक्टरांची जाहीर माफी मागितली. त्याला दहा वर्षं उलटून गेली. तेव्हा वाटलं होतं, आता दिवस पालटतील. आज दर तिमाहीला बोर्डाचे तीस प्रश्न पुढ्यात येतात, तेव्हा हाताशी होतं तेही गेल्याचं जाणवतं.

परीक्षा घेऊन डॉक्टरांना प्रमाणपत्राचा शिक्का देणारं हे बोर्ड १९३६ चं. एकदा पास झालं की शिक्का जन्मभराचा. १९९० पासून त्याला दहा वर्षांची मुदत लागली, तीही फक्त नव्यांना. १९९० च्या आधी पास झालेला शेजारच्या खोलीतला डॉक्टर कायमचा सुटला आणि मी, १९९१ ची, पुन्हा पुन्हा परीक्षेला. उजळणी पेशंटच्या हिताची, तर त्याच्या पेशंटांना ती नको का? याचं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

तरी २००१ ते २०११ हे माझं लाडकं दशक. न्यू जर्सीत आम्ही जी.एस. (केईएम) आणि बी.जे. या मेडिकल कॉलेजांची मंडळी रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचो. पोह्यांच्या बशा सारून परीक्षेच्या तयारीची एमकेसॅपची पुस्तकं उघडायची आणि एकेका प्रश्नावर कडकडून भांडायचं. जुलै २००२ मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन्सची मोठी चाचणी मधेच थांबवली गेली. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात वाढलेले दिसत होते. त्या गोळ्या आम्ही सगळेच लिहून देत होतो. त्या रविवारी पुस्तक मिटलेलंच राहिलं. उद्या कुणाकुणाला फोन करायचा, गोळी थांबवताना काय सांगायचं, यातच रात्र झाली. त्यावर परीक्षेत प्रश्न आला की नाही, मला आठवतही नाही.

पुढे फेरपरीक्षेच्या जोडीला आपल्याच पेशंटांच्या फायली काढून आकडे भरणं आलं. दवाखाना संपल्यावर मी रकाने भरत बसे. तेवढ्या वेळात दोघातिघांचं नीट ऐकून झालं असतं. २०१४ मध्ये दर दोन वर्षांनी काहीतरी करून दाखवायची सक्ती आली आणि भडका उडाला. हृदयरोगतज्ज्ञ पॉल टायरस्टीन यांच्या याचिकेवर हजारोंनी सह्या केल्या, त्यातूनच ती माफी. रकाने थांबले, हे मान्यच करायला हवं.

२०२२ पासून दहा वर्षांच्या परीक्षेऐवजी घरबसल्या उत्तरं देता येतात: पाच वर्षं, एका प्रश्नाला चार मिनिटं. पुस्तक उघडा, इंटरनेटवर शोधा, चालतं. दुसऱ्या माणसाला मात्र विचारायचं नाही. वॉर्डात अडलं की मी आधी सहकाऱ्यालाच हाक मारते, आणि नेमकं तेच इथे निषिद्ध! आमचा रविवार मोडला त्याला वय आणि पांगापांग कारणीभूत आहेच. पण एकट्याने स्क्रीनपुढे बसूनच शिक्का टिकणार असेल, तर तरुण डॉक्टर जमतील कशाला? चौघांनी मिळून सोडवलेल्या केसचे गुण बोर्डाने द्यावेत. तिसातले दहा प्रश्न त्यासाठी सोडायला काय हरकत आहे?