अपग्रेड करताय? आधी कोण, मग कोण?



सबमिशनच्या आदल्या रात्री काय काय करू नये याची यादी सीनियर लोक आपल्याला देतातच. त्यात माझी एक भर : लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करू नये. आमच्या विंगमधल्या एका महाभागाने हे केलं. त्याचा फायनल इयरचा प्रोजेक्ट, डेटाबेससकट, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये होता. मशीन नीट शटडाऊन न करता त्याने नुसतं 'सेव्ह स्टेट' करून ठेवलं होतं. आधी विंडोज बदललं. मग जुनं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर चालेना, म्हणून तेही बदललं. नव्या सॉफ्टवेअरने जुनी सेव्ह केलेली स्थिती उघडायला साफ नकार दिला. शेवटी ती स्थिती टाकून द्यावी लागली, म्हणजे चालू कॉम्प्युटरची वायर ओढण्यासारखंच झालं. डेटाबेसची दोन टेबलं गेली, आणि ती रात्र आम्ही तिघांनी हाताने एंट्र्या मारत काढली. सॉफ्टवेअर एकही खराब नव्हतं, क्रम आमचा चुकला होता.

हा क्रम लागतोच कशाला? आपल्या लॅपटॉपवर तीन मजले आहेत असं समजा. तळाला होस्ट, म्हणजे आपलं विंडोज किंवा उबंटू. त्यावर व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर. सगळ्यात वर गेस्ट, म्हणजे मशीनच्या आतली सिस्टिम. गडबड होते ती मधल्या मजल्यावर. हे सॉफ्टवेअर साध्या प्रोग्रॅमसारखं नसतं, त्याचा ड्रायव्हर थेट होस्टच्या कर्नलमध्ये जाऊन बसतो. उबंटूवर नवं कर्नल आलं की व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल त्या कर्नलसाठी पुन्हा कम्पाइल व्हावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स फार जुनं असेल तर ते कम्पाइलच होत नाही. विंडोजचं नाटक वेगळं. तिथे हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी चालू असेल, तर प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय विंडोज स्वतःच्या ताब्यात ठेवतं. २०१८ साली आलेल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून अशा वेळी हायपर-व्हीच्या आधाराने मशीन चालवण्याची सोय झाली. तसं चाललं की खालच्या पट्टीत चक्क कासवाचं चित्र दिसतं. (स्पीड किती मिळतो ते कासवावरून ओळखा!)

आता साधा विचार करा. नवं व्हर्च्युअलबॉक्स लिहिलं गेलं तेव्हा जुनं विंडोज होतंच, त्यामुळे ते त्याला बहुधा ओळखतं. जुनं व्हर्च्युअलबॉक्स लिहिलं तेव्हा नवं विंडोज जन्मालाच आलं नव्हतं, मग ते त्याला कसं ओळखणार? म्हणून आधी मधला मजला, मग तळमजला.

प्रत्यक्षात करताना गेस्ट पूर्ण शटडाऊन करा आणि मशीनचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट घेतलाय, आता भीती नाही, असं म्हणणारे प्रत्येक विंगमध्ये असतात. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. मग व्हर्च्युअलबॉक्स अपग्रेड करा, मशीन चालू करून बघा, पुन्हा बंद करा. त्यानंतर होस्ट. सगळं नीट चाललं तर मग गेस्टच्या आत शिरा. तिथेही तोच नियम : आधी गेस्ट ॲडिशन्स, नंतर गेस्टचं कर्नल. दोन अपग्रेडच्या मध्ये एकदा मशीन चालवून बघायचा कंटाळा करू नका. एकदम तिन्ही मजले हलवले तर बिघडलं कशाने हेच कळत नाही.

याला अपवाद आहे. व्हर्च्युअलबॉक्स ६.० ने ३२-बिट होस्टचा सपोर्ट काढून टाकला. कुणाकडे घरचा जुना ३२-बिट विंडोजवाला डबा असेल, तर त्याच्यावर नवं व्हर्च्युअलबॉक्स चढणारच नाही. तिथे आधी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तीही कोरी टाकायची, कारण ३२ वरून ६४-बिटला थेट अपग्रेड नसतो. तेव्हा नव्या व्हर्जनची सपोर्टेड होस्टची यादी आधी वाचा.

लॅबचा सर्व्हर सांभाळणाऱ्या स्टाफसाठी : व्हीएमवेअरमध्येही क्रम असाच आहे. आधी व्हीसेंटर, मग ईएसएक्सआय होस्ट, मग मशीनमधले व्हीएमवेअर टूल्स, आणि सर्वांत शेवटी व्हर्च्युअल हार्डवेअरचं व्हर्जन. हे शेवटचं घाईने करू नका. ते वाढवलेलं मशीन जुन्या ईएसएक्सआयवर चालत नाही, म्हणजे परतीची वाट बंद. व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ज्यांचं काम राहिलंय त्यांना हे करावंच लागणार आहे.

आपल्यापैकी अनेकांचंही तसंच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर जाताना बायोसमध्ये हात घालावा लागला, तर बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. ११ वरून १० वर परत यायची सोय साधारण १० दिवसच असते, तेव्हा प्रोजेक्टचं मशीन पहिल्याच दिवशी चालवून बघा. उबंटूवाल्यांचं नशीब थोडं बरं : नव्या कर्नलवर मशीन अडलं तर रीस्टार्ट करून ग्रबच्या मेनूतून जुनं कर्नल निवडा, सबमिशन उरका, आणि दुरुस्ती मग सावकाश करा.