सरासरीआड लपलेला पाऊस

२६ जुलै २००५. कुलाब्याच्या पर्जन्यमापकात जमलं ७३ मिलिमीटर पाणी. जुलैतल्या मुंबईला याचं काही अप्रूप नाही. त्याच चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी कोसळला. दुपारी अडीचपासून तर तासाला शंभर मिमीच्या वर झड लागली होती आणि जुनी गटारं बांधलेली होती तासाला २५ मिमीसाठी, तीही ओहोटी असेल तर. नेमकी भरती होती. ही क्षमता दुप्पट करा, असं मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात १९९३ सालीच सांगितलं होतं. कामाला वेग आला तो मिठी नदी घराघरांत शिरल्यावर.

असा पाऊस मुंबईला अगदीच नवा होता असं नाही. ५ जुलै १९७४ रोजी खुद्द कुलाब्यात ५७५ मिमी नोंदला गेला होता. बदललं ते काय?

उत्तर २००६ मध्ये मिळालं. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या नोंदी तपासल्या. हंगामाच्या एकूण पावसात ठळक फरक नव्हता. पण मुसळधार दिवस वाढले होते आणि मध्यम पावसाचे, म्हणजे शेतकऱ्याच्या खऱ्या कामाचे, दिवस घटले होते. बेरीज-वजाबाकी होऊन सरासरी जागच्या जागी! ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ ही बातमी त्यामुळे निम्मीच खरी असते.

पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या गटाने १९५० ते २०१५ चा पट मांडला. मोठ्या टापूवर एकदमच पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना मध्य भारतात तिपटीने वाढल्या होत्या. उत्तर अरबी समुद्र तापतोय, तिकडून येणारे पश्चिमी वारे लहरी झालेत आणि लाटेसरशी बाष्प आत लोटतात, हे त्यांनी दिलेलं कारण. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, ते वेगळंच.

घाटमाथ्याने याचा हिशेब २२ जुलै २०२१ ला चुकता केला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी. खाली वाशिष्ठी नदीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला.

सरकारी मोजमाप मात्र आपल्या जागी ठाम आहे. महसूल मंडळात दिवसाला ६५ मिमी पडला की अतिवृष्टी, मग पंचनामे. नदीकाठी निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींचं गणित मागच्या नोंदींवर बेतलेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये कृष्णा तिथे ५३ फुटांच्या वर चढली, २०१९ मध्ये ५७ च्या वर आणि दोनच वर्षांनी पुन्हा ५० च्या पुढे.