जेलीची गोळी पाण्यात का फुगते? वर्गात करता येईल असा सोपा प्रयोग

अंबरनाथ (प.) : स्टेशनजवळच्या दुकानात मिळणाऱ्या जेलीच्या तीन गोळ्या आणि दोन ग्लास, एवढ्यावर आठवीच्या विज्ञानातलं 'परासरण' वर्गात दाखवता येतं.

एका ग्लासात साधं थंड पाणी घ्या. दुसऱ्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा. दोन्हींत एकेक गोळी टाका, तिसरी कोरडी ठेवा. टाकण्याआधी पट्टीने लांबी मोजून वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यातली गोळी चांगलीच फुगलेली दिसेल. मिठाच्या पाण्यातली त्यामानाने बरीच लहान. प्रयोगातल्या गोळ्या खाऊ नका.

जेलीत साखर ठासून भरलेली असते. विरघळलेला पदार्थ जिथे कमी, तिथून जास्त असलेल्या बाजूला पाणी जातं. पेशीला असतं तसं पटल जेलीला नसतं, जिलेटिनची जाळी असते. जिलेटिन चालत नसेल, तर मनुका वापरा.

हे फक्त मार्कांपुरतं नाही. जुलाब झाल्यावर दिलं जाणारं मीठ-साखरेचं पाणी याच तत्त्वावर चालतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असंच द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. प्रमाण लक्षात ठेवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. साखर जास्त पडली, तर शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून अंदाजाने नको, मोजूनच घाला. दवाखान्यातून ओआरएसचं पाकीट मिळालं तर उत्तमच.