रत्नागिरीचा थिबा राजवाडा कसा पाहावा?

खानदेशातील माणूस कोकणात उतरला की प्रथम समुद्राकडे धावतो, आणि तापी-पांझरेच्या काठी वाढलेल्यास ते स्वाभाविकच आहे. परंतु रत्नागिरीस गेलेल्याने किनारा पाहून झाल्यावर, खाडी आणि समुद्र यांकडे तोंड करून उंचावर उभा असलेला थिबा राजवाडा अवश्य पाहावा. आज तेथे संग्रहालय आहे. आत शिरताना मात्र एक प्रश्न मनाशी बाळगावा : हा वाडा कोणी बांधला आणि कशासाठी?

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ साली तो मंडालेच्या गादीवर बसला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी काही दिवसांच्या युद्धात त्याचे राज्य घेतले आणि राजाराणीस प्रथम मद्रासेस व पुढे १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. रत्नागिरीस तेव्हा आगगाडी नव्हती; पावसाळ्यात बोटी बंद पडत. पदच्युत राजास त्याच्या प्रजेच्या दृष्टीआड करावयाचे, ही इंग्रजांची रीतच होती. दिल्लीच्या बहादूरशहास त्यांनी १८५८ साली रंगूनला धाडले होते.

वाडा पुरा झाला तो १९१० साली, म्हणजे कैदेची चोवीस वर्षे उलटल्यावर, आणि तोही सरकारने बांधलेला. जांभ्या दगडाच्या भिंती, नक्षीदार लाकडी खिडक्या, उतरती छपरे, मागील बाजूस बुद्धमूर्ती : सारे राजाच्या इतमामाचे. तथापि बाहेर जावयाचे तर परवानगी सरकारची, आणि खर्चास तनखाही सरकारचा. तो पुरेना, म्हणून राजाने जवळची रत्ने विकली. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्याची समाधीही याच गावी आहे. १९१९ साली राणी मायदेशी गेली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली, आणि तिची मुलगी, म्हणजे राजाची नात, मराठी बोलत येथेच गरिबीत जगली.

तेव्हा दालनांत राजाच्या वस्तू थोड्या दिसल्या तर हिरमुसू नये. येथील मुख्य वस्तू खुद्द वाडाच आहे. बंदिवास किती देखणा असू शकतो, हे तो दाखवितो.

याच गावात टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान स्मारकरूपाने जपलेले आहे. १८५६ साली ते तेथे जन्मले. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा देऊन सरकारने त्यांना नेमके मंडालेस, थिबाच्या जुन्या राजधानीत, नेऊन कोंडले. १९१०-११ च्या ज्या हिवाळ्यात ब्रह्मी राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात राहावयास आला, त्याच हिवाळ्यात रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होता!

धुळेकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंगाच्या त्या साध्या भिंतींआडून महाराष्ट्राच्या घरोघरी जाणारा ग्रंथ बाहेर पडला.

म्हणून रत्नागिरीस गेल्यावर दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहाव्यात : आधी टिळक आळीतील घर, मग टेकडीवरचा राजवाडा. सोबत मुले असतील तर त्यांना गच्चीवरून समुद्र दाखवावा, आणि सांगावे की राजाचा देश येथून फार दूर होता आणि तो त्याला पुन्हा दिसला नाही.