मोहन, चुरा आणि पेरू

नागपुरात जरीपटका म्हटले की सिंधी वस्ती डोळ्यांपुढे येते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पदार्थही. जन्माष्टमीच्या सुमारास 'थदडी' नावाचा सण येतो. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेले थंड अन्न खायचे. या शिदोरीतला मुख्य पदार्थ म्हणजे 'मिठो लोलो'. कणकेला आधी भरपूर तूप चोळायचे, मग गोड पाणी अगदी बेताने घालायचे आणि जाडसर पोळी मंद आचेवर भाजायची. तोडली की तिचा भुगा होतो. मराठी घरात शंकरपाळ्यांच्या आणि करंजीच्या पिठात मोहन घालतात, त्याचेही काम हेच. आणि इंग्रज मंडळी फळांच्या फोडींवर पीठ, लोणी व साखर यांचा चुरा पसरून जो 'क्रम्बल' भाजतात, त्याचेही मर्म तेच आहे. पिठाची गाठ पाण्याआधी तुपाशी पडली पाहिजे.

क्रम्बल हा पदार्थ टंचाईच्या काळात रुजला असे मानले जाते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि बेकन शिधापत्रिकेवर गेले. पायच्या पारीला लोणी अधिक लागते, ती लाटावी लागते. चुऱ्याला लाटणे नाही, मळणे नाही आणि थोड्या लोण्यात भागते. आज जरीपटक्यातल्या एखाद्या गृहिणीला तो शिकायचा असेल तर आम्ही म्हणू, लोलो येतो ना, मग निम्मे काम झाले.

मोहनाने पदार्थ खुसखुशीत होतो हे विद्यार्थी सांगतात. का होतो, हे विचारले की उत्तर येते, 'तूप असते म्हणून'. हे उत्तर अपुरे आहे. पोळीवरही आपण तूप घालतो, पण पोळीचा भुगा होत नाही. फरक तुपाच्या प्रमाणाइतकाच क्रमात आहे. गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. पोळी फाटत नाही, ती या जाळ्यामुळे. इटलीतल्या बोलोन्याचे बेक्कारी यांनी अठराव्या शतकात पीठ धुऊन हा चिकट भाग वेगळा केला होता, आणि तो प्रयोग आजही वर्गात करता येतो.

दोन वाट्यांत मूठ मूठ कणीक घ्या. पहिलीत फक्त पाणी घालून घट्ट गोळा मळा. दुसरीत आधी दोन चमचे तूप घालून हातांनी चांगले चोळा, नंतर पाणी घाला. अर्ध्या तासाने दोन्ही गोळे पाण्यात हळूहळू चोळत धुवा. पहिल्याचे पाणी दुधासारखे होईल. त्यात आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग येतो, म्हणजे पिष्ट बाहेर पडले. हातात राहतो तो रबरासारखा ताणणारा चिकट गोळा, त्यातच थोडा कोंडा अडकलेला. दुसरा गोळा मात्र नीट जमत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटतो. तुपाने कणांना वेढल्यामुळे पाणी प्रथिनांपर्यंत पुरेसे पोचले नाही आणि जाळे सलग विणले गेले नाही. आजी मूठभर पीठ दाबून 'मुटका वळतो का' हे पाहते, तेव्हा ती प्रत्यक्षात एवढेच तपासत असते की तूप सगळीकडे पोचले की नाही.

क्रम्बलमध्ये पाणी मुळीच घालत नाहीत, म्हणून जाळ्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. तिथे दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे स्निग्ध पदार्थ घट्ट आहे की पातळ. घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चोळले तर लहानमोठ्या गुठळ्या होतात आणि भाजल्यावर चुरा रवाळ, कुरकुरीत लागतो. वितळलेले तूप ओतले तर सगळे पीठ सारखेच भिजते आणि पोत वाळूसारखा बारीक होतो. दोन्ही चांगले, पण वेगळे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यातल्या नागपुरात स्वयंपाकघरच त्याहून गरम असते, म्हणून हा पदार्थ येथे हिवाळ्यातच करावा. एरवी लोणी, पीठ आणि परातसुद्धा आधी फ्रीजमध्ये ठेवावी लागते. बाजारच्या लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते, तुपात ते नसल्यासारखेच. थंडीत थिजलेले रवाळ तूप म्हणूनच लोण्याइतकेच, आमच्या मते अधिक चांगले काम देते.

आता फळ. हिवाळ्यात स्वस्त आणि भरपूर मिळणारे दमदार फळ म्हणजे पेरू. अर्धा किलो पेरू घ्यावेत, दाबल्यावर किंचित दबणारे पण मऊ न झालेले. मधला बियांचा गर काढून टाकावा आणि बाहेरच्या भागाच्या फोडी कराव्यात. (खाताना जिभेला रेतीसारखे लागते, त्या पेरूच्या दगडपेशी. कितीही शिजवल्या तरी त्या मऊ होत नाहीत.) फोडींवर दोन चमचे साखर, लिंबाचा रस आणि चमचाभर शिंगाड्याचे पीठ घालावे. भंडारा-गोंदियाच्या तलावांतला शिंगाडा आपल्याला उपवासापुरता आठवतो, पण त्याचे पिष्ट फळाचा रस दाट करायला छान उपयोगी पडते. चुऱ्यासाठी १२० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम थिजलेले तूप, ५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. चुरा फोडींवर सैल पसरावा, दाबू नये. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे.

पेरूच का? कारण त्यात पेक्टिन भरपूर असते. हा पेशीभित्तिकांमधला सांधणारा पदार्थ. उष्णता आणि आंबटपणा मिळाला की तो विरघळतो, फोड मऊ पडते आणि सुटलेला रस घट्ट होतो. फळ फार पिकले की पेक्टिन तुटलेले असते, म्हणून अतिपिकल्या पेरूचा नुसता लगदा होतो.

नागपूरकराच्या मनात मात्र पहिला विचार संत्र्याचाच येणार. इथेच सावध राहावे. संत्र्याच्या फोडी पापुद्रे व बियांसह भाजल्या तर त्या कडू होतात. ताज्या फळात कडवटपणा नसतो, त्याचे कडू नसलेले पूर्वरूप पापुद्र्यांत आणि पांढऱ्या गरात दडलेले असते. पेशी फुटून त्याचा आंबट रसाशी संबंध आला की त्याचे रूपांतर 'लिमोनिन' या कडू द्रव्यात होऊ लागते. उष्णतेने हे काम झपाट्याने होते. दहा लाख भागांत सहा-सात भाग लिमोनिनही जिभेला कळते. संत्र्याचा ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला कडवट, याचेही कारण हेच. हा केवळ स्वयंपाकघरातला प्रश्न नाही. हंगामात माल एकदम आला की भाव कोसळतो, तेव्हा रस काढून टिकवावा असे कोणालाही वाटेल. या प्रक्रियेच्या वाटेतला एक मोठा अडसर म्हणजे उशिरा येणारा हा कडवटपणा. १९८५ साली नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले, त्यामागे या फळाचे असे अनेक प्रश्न होते. आपल्या भांड्यापुरता उपाय सोपा आहे. सालीचा फक्त केशरी भाग किसून पेरूत मिसळावा. सुवास त्या भागातल्या तेलात असतो, पांढऱ्या भागात नाही.

भट्टीचे तापमान १८० अंश असले तरी खालचे फळ १०० अंशांच्या वर फारसे जात नाही. पाणी असेपर्यंत उष्णता वाफ करण्यात खर्च होते. त्यामुळे फळ शिजते, पण लाल होत नाही. वरचा चुरा कोरडा असल्याने त्याचे तापमान वाढत जाते. सुमारे १४० अंशांच्या पुढे प्रथिने आणि शर्करा यांची अभिक्रिया वेगाने होऊन तपकिरी रंग आणि खमंग वास येतो. लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. एकाच भांड्यात उकडणे आणि भाजणे असे दोन धडे चालू असतात. मोजायचे असेल तर भांडे बाहेर काढून फळात तापमापी खुपसावी. शाळेतली ११० अंशांची काचेची तापमापी भट्टीच्या आत ठेवू नये, ती फुटेल.

घरी भट्टी नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर कडे ठेवून, झाकण लावून भाजण्याची जुनी युक्ती आहे. केकला ती चालते, क्रम्बलला अर्धीच. उष्णता खालून येते, झाकणावर वाफ जमते आणि थेंब चुऱ्यावर पडतात. मग वरचा थर शिऱ्यासारखा होतो. अशा वेळी फळ कढईत शिजवावे आणि चुरा वेगळ्या तव्यावर, मंद आचेवर, सतत हलवत बदामी होईपर्यंत परतून शेवटी वर घालावा. शुद्धतावादी नाक मुरडतील. चव मात्र जवळपास तीच येते आणि गॅसही कमी जळतो.

उरलेले क्रम्बल दुसऱ्या दिवशी मऊ पडते, कारण फळातले पाणी हळूहळू कोरड्या चुऱ्यात उतरते. चुरा वेगळ्या डब्यात ठेवला असेल तर हा त्रास नाही. लोल्याला असा ओला शेजारी नसतो, म्हणून थदडीला चूल न पेटवताही तो आदल्या दिवसासारखाच तुटतो.