परदेशातील येणे आणि दोन सरकारांचा करार

बेळगावच्या रविवार पेठेत आमची धान्याची घाऊक पेढी आहे. शालान्त परीक्षेपुढे आमचे शिक्षण झाले नाही. तेव्हा दोन सरकारांमधील न्यायविषयक वाटाघाटींवर आम्ही लिहावे, हे वाचकबंधूंस थोडे धाडसाचे वाटेल. परंतु त्या वाटाघाटींचे फळ आमच्या खातेवहीत जमा झालेले आहे, म्हणून लेखणी उचलली.

२०१४ साली एका दलालामार्फत आम्ही दुबईच्या खरेदीदारास पन्नास टन तांदूळ पाठविला. बँकेचे एल.सी. घेतले नाही, माणूस आपल्याच भागातला, एवढेच काय ते तारण! सोळा लाखांपैकी चार लाख आले आणि पुढे फोनही उचलला जाईना. वकिलांकडे गेलो, तो पहिलाच प्रश्न निघाला, की येथील न्यायालयाचे समन्स दुबईत बजावणार कोण? बेलिफाची सत्ता आपल्या हद्दीपुरती. आमचे वडील सांगत, की १९६१ पूर्वी गोव्यातील उधारीही अशीच अडून बसे. घाट उतरला की पोर्तुगीज राजवट, आणि येथील हुकूमनाम्यास तेथे थेट किंमत नसे.

सुदैवाने भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्यामध्ये २५ ऑक्टोबर १९९९ रोजी दिवाणी व व्यापारी बाबींतील न्यायिक सहकार्याचा करार झालेला होता. समन्स बजावणे, साक्षीपुरावा घेणे, हुकूमनामे व लवादाचे निवाडे अमलात आणणे, हे सारे त्यात येते. त्यानुसार आमचे समन्स अरबी भाषांतरासह दिल्लीच्या विधी मंत्रालयातून तेथील न्याय मंत्रालयाकडे गेले व अकरा महिन्यांनी बजावले गेले. आठव्या दिवशी गृहस्थांचा आपण होऊन फोन! २०१७ साली उरलेल्या बारांपैकी आठ लाखांवर तडजोड झाली. चार लाख बुडाले, ते आमच्या भाबडेपणाचे शुल्क समजतो.

येथवर करार आम्हांस गोड वाटला. पण तराजूस दुसरेही पारडे असते. तेथील न्यायालयाचा हुकूमनामा येथे सरळ चालावा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली त्या देशास आपल्या सरकारने ‘परस्पर व्यवहाराचा प्रदेश’ म्हणून राजपत्रात जाहीर करावे लागते. ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग यांना ती मान्यता होती. अमिरातींस करारानंतरही वीस वर्षे नव्हती. तोवर तेथील धनकोस येथे नव्याने दावा लावावा लागे, तोही तीन वर्षांच्या मुदतीत. तेथे कर्ज करून मायदेशी परतलेले कित्येक जण याच भरवशावर निर्धास्त होते. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती मान्यता दिली. आता दुबई, अबू धाबी, शारजा वगैरे ठिकाणच्या अधिसूचित न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा, त्याची प्रमाणित प्रत व किती रक्कम वसूल झाली याचा दाखला जोडून, येथील जिल्हा न्यायालयात दाखल होतो आणि येथल्याच हुकूमनाम्याप्रमाणे अमलात येतो. कर व दंडाच्या रकमा यातून वगळल्या आहेत. लवादाच्या निवाड्यांची वाट निराळी आहे.

आमच्या काही बंधूंना ही अधिसूचना अन्यायाची वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. आमचे समन्स त्यांच्या दारी जावे अशी इच्छा धरणाऱ्यांनी त्यांचे समन्स आल्यावर दार लावून घेणे शोभत नाही. शिवाय कलम १३ ची ढाल आहेच. निकाल गुणदोषांवर झालेला नसेल, बाजू मांडण्यास संधी दिलेली नसेल, अथवा फसवणुकीने मिळविलेला असेल, तर येथील न्यायालय तो अमान्य करू शकते. मात्र त्या ढालीच्या भरवशावर समन्स दडवून ठेवणे घातक होय. गैरहजेरीतला प्रत्येक निकाल आपोआप रद्द ठरत नाही.

हे लिहिण्याचे तातडीचे कारण असे की, आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज आखातात आहेत, आणि १ मे २०२२ पासून उभय देशांचा व्यापक व्यापार करार अमलात आल्यामुळे मालाची ये-जाही वाढतीच राहणार. आमच्या एका स्नेह्यांचा पुतण्या दुबईतील नोकरी सुटताच बँकेचे कर्ज तसेच टाकून २०१८ साली परतला. तिकडून आलेली पाकिटे त्याने न फोडता कपाटात ठेवली होती. गेल्या दिवाळीत आम्ही ती त्याच्याच हातून फोडविली. तीन पत्रे बँकेची, एक न्यायालयाचे. सध्या तो वकिलांमार्फत हप्ते ठरवीत आहे.